घाटमाथ्यावरची नऊ मिनिटं

९ जानेवारी १९९६, मंगळवार

४४१७ नंबरची गाडी आज कामावर परत आली. नवी केबिन, नवा रंग. हंबीररावांनी नारळ माझ्या हातात दिला — "मेजर, तुमी फोडा." मी तो सिद्धूकडे दिला. गाडी आता तो चालवणार, त्यानंच फोडावा.

फोडला. पाणी चाकावर उडालं. सगळे बघत होते. गाडीकडे नाही, माझ्याकडे.

ज्ञानूला जाऊन दोन महिने झाले.

१० जानेवारी

हळदीच्या दोन गाड्या मुंबईला गेल्या. बाकी काही नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार

कामाचं लिहितो. दुसरं काही लिहायला गेलं की पेन थांबतं.

हंबीररावांचे चौदा मालट्रक. हळद, गूळ, सांगलीहून पुणे-मुंबई. मी ई.एम.ई.तून, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून, बावीस वर्षांनी हवालदार म्हणून सुटलो. (आमच्याकडे सैन्यातून आलेला प्रत्येक जण मेजर.) हंबीररावांनी एकच काम दिलं — डिझेल वाचवा, काळा धूर बंद करा. गाड्या लिटरला चार किलोमीटरसुद्धा देत नव्हत्या. सायलेन्सरला पांढरा रुमाल धरला की काळा ठिक्कर. मी नोझल साफ करून घेतले, एअर फिल्टर बदलले, टायरची हवा रोज बघायला लावली. वेग पंचेचाळीस ठरवून दिला. आणि एक कागद टाइप करून, सही करून, प्रत्येक केबिनमध्ये चिकटवला — 'उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवू नये.' अ‍ॅव्हरेज पावणेपाचवर गेलं. रुमाल राखाडी येऊ लागला.

पुण्याच्या एका कंपनीनं चार गाड्यांना चाचणीसाठी यंत्र बसवून दिलं आहे. आत रोज एक गोल कागदाची चकती घालायची. गाडी किती वेगानं गेली, कुठे किती वेळ थांबली, सगळं सुई त्यावर ओरखडते. ड्रायव्हर लोक तिला कुंडली म्हणतात. जुना ड्रायव्हर आप्पासो एकदा म्हणाला, "मेजर, बगा की माझ्या कुंडलीत राजयोग हाय का!" मी म्हटलं, "राजयोग नाही, कराडजवळ सत्तरचा वेग आहे." सगळ्यात मोठ्यानं ज्ञानू हसला होता.

ज्ञानू माझा धाकटा भाऊ. ४४१७ त्याची. सहा नोव्हेंबरला खंबाटकीचा घाट उतरताना कठडा तोडून खाली गेली.

साताऱ्याच्या दवाखान्यात दोन दिवस होता. मी पोहोचलो तेव्हा शुद्धीवर होता. म्हणाला, "दादा, न्यूट्रल मारली मी. माझं चुकलं." उतारावर गिअर काढून गाडी नुसती सोडायची, डिझेल वाचतं म्हणून. मी सगळ्यांना बजावलं होतं, असं करायचं नाही. मी म्हणालो, "किती वेळा सांगितलं होतं तुला!"

त्यानं मान हलवली. नंतर बोलला नाही. माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं ते.

त्या दिवसाची चकती केबिनबरोबर चेपली. पण आधीच्या एकाहत्तर चकत्या माझ्याकडे आहेत. प्रत्येकीवर घाटाचा उतार म्हणजे वीसच्या वेगाची रेघ, पट्टीनं मारल्यासारखी. एकाही दिवशी न्यूट्रल नाही. मग त्याच दिवशी का? एवढंच मला कळायला हवं. बाकी काही नको.

१६ जानेवारी

संक्रांत झाली. घरात तीळ कुटले नाहीत. विश्रामबागेतल्या शेजारणीनं वाटी दारात ठेवली आणि आत न येता गेली. पद्मा, माझी बायको, म्हणाली, "आवं, किती दिस बगत बसनार ती कागदं? त्यात त्यो हाय व्हय?"

 पण आहे. माणूस गाडी कशी चालवायचा ते आहे, म्हणजे तो आहेच की.

१९ जानेवारी, शुक्रवार

४४१७ च्या नव्या चकत्या बघितल्या. सिद्धूच्या तीन खेपा.

घाटाचा चढ संपला की माथ्यावर दहा मिनिटं थांबतात, इंजिन थंड व्हायला. तो थांबा मीच ठरवून दिलेला. इंजिन बंद, दहा मिनिटं, मग उतार. इथपर्यंत बरोबर. पण त्यानंतर सुईचं एक बारीक टोक दिसतं. गाडी जेमतेम पंधरा-वीस पावलं सरकते. आणि पुन्हा थांबते. नऊ मिनिटं.

तिन्ही खेपांना तसंच. तिथे चहाची टपरी नाही, पाणी नाही. नुसतं वळण आहे. कुठलं वळण ते मला माहीत आहे.

२३ जानेवारी

सिद्धूला विचारलं. पंचविशीचा पोरगा, तोंडाळ, कोणाला न घाबरणारा.

"माथ्यावर दुसऱ्यांदा का थांबतोस?"

"कुठं थांबतोय मेजर? यंतर बिगाडलं आसंल."

माझ्याकडे बघत नव्हता. यंत्र काढून घड्याळ लावून तपासलं. बरोबर आहे.

२७ जानेवारी, शनिवार

यंत्र लावलेल्या बाकी तीन गाड्यांच्या चकत्या काढल्या. मी इतके दिवस फक्त ४४१७ बघत होतो.

चारही गाड्या थांबतात. चौघे वेगळे ड्रायव्हर. माथा, दहा मिनिटं, पंधरा पावलं, पुन्हा थांबा. कोणी आठ मिनिटं, कोणी नऊ. आठ नोव्हेंबरनंतर सगळे. त्याच्या आधी कोणीच नाही.

दुपारी ऑफिसात कोणी नव्हतं. तेवीस चकत्या एकावर एक ठेवल्या, थांब्यावर थांबा येईल अशा फिरवल्या. तेवीस खेपांच्या रेघा एका जागी तुटत होत्या. कोणीतरी मध्ये हात घातल्यासारख्या.

चकत्या खणात ठेवून कुलूप लावलं. कशाला लावलं, माहीत नाही.

३० जानेवारी

लिहू की नको असं झालं.

जेवणाच्या सुट्टीत अड्ड्यावरून चाललो होतो. ४४१७ पिंपळाखाली उभी. केबिनमध्ये कोणी नाही, इंजिन तासभर बंद. मी बॉनेटच्या बाजूनं गेलो आणि गाडीनं श्वास सोडला. लांब. हऽऽऽ असा. मग थांबली. मग पुन्हा, बारीक.

मी मेकॅनिक आहे. हवेची टाकी, पाइप, जोड, कुठूनही असा आवाज येतो, मला माहीत आहे. पण दवाखान्यात ज्ञानू शेवटचे दोन दिवस तोंडानं असाच श्वास घेत होता. मी तिथे उभा राहिलो. खाली वाकून बघितलं नाही. जोडाला साबणाचं पाणी लावून बघणं हे माझं काम. केलं नाही. थांबेपर्यंत ऐकलं फक्त.

फिटर नाथाजी लांबून बघत होता. "काय झालं मेजर?" मी म्हटलं, काही नाही. तो घाईघाईनं म्हणाला, "हवा व्हय? जुन्या गाड्या, सगळ्याच सोडत्यात. मी बगतो, तुमी जावा."

२ फेब्रुवारी, शुक्रवार

हंबीररावांनी बोलावलं. अ‍ॅव्हरेज साडेचारच्या खाली आलं आहे. मार्चमध्ये पुण्याचे लोक बघायला येणार. "मेजर, कुटं मुरतंय डिझेल?"

मला कळलं होतं. दुसऱ्या थांब्याला इंजिन चालू असतं. चकती गाडी थांबलेली दाखवते, इंजिनाचं सांगत नाही. ते डिझेल सांगतं. उभ्या गाडीत नऊ-नऊ मिनिटं जळतं आहे.

"दोन-चार जणांस्नी घरी बशिवलं की बाकीचं सरळ हुत्याल," हंबीरराव म्हणाले. मी आठ दिवस मागून घेतले.

५ फेब्रुवारी, सोमवार

सिद्धूला एकट्याला बोलावलं. दार लावलं. सांगितलं, खरं बोल, नाहीतर तुला घरी बसवतील, मला थांबवता येणार नाही.

बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. मग म्हणाला, "मेजर, राग धरू नगा. तितं ज्ञानूदा हुबा आसतो."

मी पेन खाली ठेवलं.

"आडवा हुतो. हात करतो. थांबावंच लागतंय. थोड्या येळानं जातो मग."

"इंजिन का चालू ठेवता?"

"बंद क्येलं की जात न्हाई त्यो."

मी त्याला मेमो द्यायला हवा होता. सैन्यात असं कोणी सांगितलं असतं तर सरळ क्वार्टर गार्डमध्ये, पलटणीच्या कोठडीत, टाकला असता. मी विचारलं, "कसा दिसतो?"

सिद्धूनं वर बघितलं. त्याला वाटलं नसावं मी हे विचारीन.  मी पुन्हा विचारलं — अंगात काय असतं त्याच्या? तोंडावर लागलेलं दिसतं का? बोलतो का?

"निळा सेटर," म्हणाला. आणि रडायला लागला. एवढा दांडगा पोरगा, तोंडावर हात घेऊन रडला.

६ फेब्रुवारी

निळा स्वेटर पद्मानं विणलेला. त्या दिवशी अंगात होता. दवाखान्यात कापून काढला. सिद्धू तेव्हा मुंबईला गेला होता.

८ फेब्रुवारी, गुरुवार

मी चहाला गेलो की बोलणं बंद होतं. आप्पासो, नाथाजी, सगळे बशीत बघत बसतात. आधी थट्टा करायचे, आता कोणी कुंडलीचंसुद्धा बोलत नाही. नाथाजी काल केबिनमधला माझा कागद काढत होता, मी जवळ गेल्यावर त्यानं परत थुंकी लावून चिकटवला. "सुटला हुता," म्हणाला.

मी असल्या गोष्टी मानत नाही. आजपर्यंत मानल्या नाहीत. पण तो सगळ्यांना थांबवत असेल तर काही सांगायचं असणार. मला सोडून सगळ्यांना का?

सोमवारी सिद्धूबरोबर जातो आहे. पद्माला सांगितलं, कामाचं आहे. खोटं नाही ते.

१२ फेब्रुवारी, सोमवार. सातारा, एस.टी. स्टँडजवळचा लॉज

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी सहाला सांगली सोडली. ४४१७, नऊ टन गूळ.  सव्वाअकराला खंबाटकी चढलो. माथ्यावर इंजिन बंद. दहा मिनिटं मी घड्याळ बघून मोजली. वारा होता, ऊन लख्ख. वळण समोरच दिसत होतं. कठड्याचा तुटलेला भाग अजून तसाच आहे, पांढरे दगड रचून ठेवलेत.

"चल," मी म्हणालो.

सिद्धूनं इंजिन चालू केलं. गाडी काढेना. "मेजर, जरा थांबू द्या."

"किती?"

"आट-नऊ मिंटं. तुमच्या पाया पडतो."

"तो दिसतोय का तुला?"

त्यानं फडक्यानं काच पुसायला घेतली.

"मला दिसेपर्यंत पुढे चल," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्यानं गाडी काढली. मी काचेतून बाहेर बघत होतो. वळणाकडे, पांढऱ्या दगडांकडे. डोळे मिटले नाहीत. मला निळा रंग हवा होता. पंधरा पावलं गेली. वीस गेली. रस्ता खाली वाकला. सिद्धू ओरडला — "लागंना! मेजर, लागंना ब्रेक!"

मी तरीही बाहेरच बघत होतो.

पोरानं गाडी डोंगराच्या अंगाला घातली. दरीकडे नाही, डोंगराकडे. डावी बाजू खडकाला घासत गेली, हातब्रेक, पहिला गिअर, धक्का, आणि उभी राहिली. गुळाची एक ढेप केबिनच्या मागे फुटली. मग सगळं शांत. आणि त्या शांततेत तोच आवाज. हऽऽऽ. माझ्या पायाखालून.

तेव्हा मी समोरच्या डायलकडे बघितलं. हवेचा काटा लाल पट्ट्यात होता.

आमच्या गाड्यांचा ब्रेक हवेवर चालतो. ती हवा इंजिन भरतं. इंजिन बंद करून दहा मिनिटं उभी केली की जुन्या गाडीची हवा गळून जाते. पुन्हा चालू केल्यावर आठ-नऊ मिनिटं थांबलं तर भरते. नाही थांबलं तर ब्रेक नाही. ड्रायव्हर पंधरा पावलं सपाटीवर सरकून ब्रेक दाबून बघत होते आणि काटा वर येईपर्यंत थांबत होते. इतकंच.

बावीस वर्षं मी हेच शिकवलं. पण पलटणीत गळकी गाडी गेटच्या बाहेर जात नाही. तिथे 'उभ्या गाडीचे इंजिन बंद' असा कागद चालला असता. इथे मी तोच लिहिला आणि खाली सही केली.

सिद्धू रस्त्याच्या कडेला बसला होता. मी त्याला पाणी दिलं. म्हणाला, "मी खोटं बोललो मेजर. समद्यांनी मिळून ठरीवलं हुतं." मग थोड्या वेळानं, वळणाकडे पाठ करून, "पैल्यांदा खोटं हुतं."

१३ फेब्रुवारी

तापात पडून आहे. उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

आप्पासोच्या घरी गेलो. त्यानं मला बघितल्याबरोबर बायकोला आत पाठवलं.

"तुला माहीत होतं."

"व्हय."

"सगळ्यांना?"

"समद्यांस्नी. मी त्याच्या मागं हुतो त्या दिशी, मेजर. कागद लागून दोनच दिस झालं हुतं, त्याआदी माथ्यावर इंजन चालूच आसायचं. त्यानं दहा मिंटं बंद ठेवली, चावी मारली, अन् लगीच काडली. मी हाक मारली, हवा भरू दे रं ज्ञानू! त्यानं खिडकीतनं मान काडली, आतल्या कागदाकडं बोट क्येलं. तुमच्या कागदाकडं. हसला अन् ग्येला. लय अभिमान हुता त्याला तुमचा."

 म्हटलं, मला सांगितलं का नाही.

"कोन सांगनार? तुमच्या सईचा कागद. भावाचं मरान तुमच्या हातात कोन ठेवनार? थांबायचं ठरीवलं गुमान. तुमी कुंडलीत पकडलं. मग ते भुताचं काडलं. वाटलं, त्याचं नाव घेतलं तर तुमी गप ऱ्हाशीला. तुमी त्याच्या अंगातलं इचारलंसा. सिद्धू त्या दिसापास्नं भाकरी खाईना. म्हनतो, मला खरंच दिसाया लागलाय."

"पण तो स्वतः म्हणाला, न्यूट्रल मारली. मला म्हणाला."

आप्पासो माझ्याकडे बघत राहिला. "ज्ञानू? न्यूट्रल? आवं, मी मागं हुतो की. गिअरातच हुती गाडी. इंजन वरडत हुतं खाली जाईस्तवर."

१७ फेब्रुवारी, शनिवार

चौदाही केबिनमधला कागद मी स्वतः फाडला. नवा लावला — 'हवेचा काटा पूर्ण वर आल्याशिवाय गाडी काढू नये. कितीही वेळ लागो.' गळती निघेपर्यंत घाटात इंजिन बंद करायचं नाही. नाथाजीला चौदा गाड्यांचे पाइप, जोड, सगळं बदलायला सांगितलं. हंबीरराव म्हणाले, अ‍ॅव्हरेज पडंल. म्हटलं, पडेल. त्यांनी धुराचं काढलं; म्हटलं, तो नोझलनं कमी झालाय, बंद इंजिनानं नाही. तुम्हाला पटत नसेल तर मला घरी बसवा. त्यांनी कधी नव्हे ते मला खुर्ची दिली.

कागद माझा. हे आता मला माहीत आहे. पण तो खोटं का बोलला? मरायला टेकलेला माणूस स्वतःवर दोष का घेईल? मी त्याच्यावर ओरडलो, तेव्हा त्यानं मान का हलवली?

१८ फेब्रुवारी, रविवार

पलूसजवळ गावी गेलो. शालन, ज्ञानूची बायको, सोप्यात धान्य निवडत होती. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. नऊ वर्षांत एकदाही बोललेली नाही, सगळं पद्मामार्फत. मी भिंतीकडे तोंड करून कागदाचं, हवेचं, सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या माणसाची चूक नव्हती. माझी होती.

सूप थांबलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. थेट मला. "तुमी यायच्या आदी त्यांनी मला जवळ बलीवलं. म्हनलं, दादा आला की मी न्यूट्रल मारली म्हनून सांगनार हाय, तू मदी बोलायचं न्हाई. मी म्हनलं, आवं, रागावत्याल की तुमच्यावर. त्ये म्हनलं — रागावू दे. माज्यावर राग धरून जगंल तरी."